सोलानाचा वेग: प्रचारातला आणि प्रत्यक्षातला

‘प्रूफ ऑफ हिस्टरी’मुळे सोलाना या ब्लॉकचेनला (अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या व्यवहारांच्या नोंदवहीला) मतदानाची गरजच उरत नाही, ती सेकंदाला 65,000 व्यवहार करते, चारशे मिलिसेकंदांत व्यवहार कायमचा पक्का होतो, दर व्यवहाराला तिचे चलन सोल जाळले (कायमचे नष्ट केले) जात असल्याने ते दुर्मीळ होत जाणार आणि हे सारे जवळजवळ फुकट, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो. सोलाना वेगवान आहे यात वाद नाही; मात्र तो वेग कशातून येतो आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे या मजकुरात धड सांगितलेले नाही.

प्रूफ ऑफ हिस्टरी हे मुळात घड्याळ आहे. माहितीचा ठराविक लांबीचा ठसा काढणाऱ्या एसएचए-256 या गणिताचे उत्तर पुन्हा त्याच गणितात घालायचे, असे अखंड चालू राहते. ही आकडेमोड अनेक यंत्रांत वाटून घेता येत नसल्याने किती काळ गेला याचा पुरावा त्या मालिकेतच उरतो, आणि मध्ये एखादा व्यवहार मिसळला की त्याचा क्रमही नोंदला जातो. पुढचे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) कोणी बनवायचे याचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते, एकेका व्हॅलिडेटरकडे (व्यवहार तपासणाऱ्या संगणकाकडे) लागोपाठ चार स्लॉट (ब्लॉक बनवण्याच्या पाळ्या) येतात. बनलेला ब्लॉक ग्राह्य धरायचा की नाही, हे मात्र स्टेकच्या (व्हॅलिडेटरमागे तारण ठेवलेल्या सोलच्या) प्रमाणात होणाऱ्या मतदानानेच ठरते. व्हॅलिडेटरांनी 2025 मध्ये मंजूर केलेल्या अल्पेनग्लो प्रस्तावात तर हे घड्याळच बाजूला ठेवण्याची दिशा आहे. वेगाचे मोठे श्रेय वेगळ्याच गोष्टीला जाते: प्रत्येक व्यवहार आपण कोणत्या खात्यांना हात लावणार हे आधीच सांगतो, त्यामुळे ज्यांची खाती एकमेकांत गुंतलेली नाहीत असे व्यवहार एकाच वेळी चालवता येतात. त्यासाठी लागणारी यंत्रे महागडी असतात, हे प्रचारात येत नाही.

65,000 हा सैद्धांतिक क्षमतेचा आकडा आहे. शिवाय सोलानाच्या मूळ रचनेत व्हॅलिडेटरचे प्रत्येक मत हाही साखळीवरचा एक व्यवहार असतो, आणि एकूण आकड्यात ही मते मोठ्या संख्येने असतात. ती वगळून सांगितलेला आकडाच वापरकर्त्याच्या कामाचा.

चारशे मिलिसेकंद ही एका स्लॉटची लांबी. दोन तृतीयांश स्टेकची मते मिळाली की व्यवहार ‘कन्फर्म’ होतो. अंतिम मानला जाण्यासाठी त्यावर आणखी ब्लॉक रचले जावे लागतात आणि त्याला साधारण तेरा सेकंद लागतात.

सोल जाळले जाते हे खरे, पण मूळ शुल्काचा अर्धाच भाग. प्राधान्य शुल्क, म्हणजे व्यवहार पुढे नेण्यासाठी दिलेली जादा रक्कम, 2025 पासून पूर्णपणे व्हॅलिडेटरला मिळते. दुसरीकडे नवे सोल सतत निर्माण होत असतात: वार्षिक दर 8 टक्क्यांपासून सुरू झाला आणि दर वर्षी आधीच्या दराच्या 15 टक्क्यांनी घटत 1.5 टक्क्यावर स्थिरावण्याची रचना आहे. पुरवठ्याला कमाल मर्यादा नाही.

राहिला फुकटपणा. एका स्वाक्षरीमागे 5,000 लॅम्पोर्ट, म्हणजे 0.000005 सोल, इतकेच मूळ शुल्क लागते, आणि ते फसलेल्या व्यवहारालाही भरावे लागते. व्हॅलिडेटरांचा मोबदला मुख्यतः नव्या सोलमधून जातो, म्हणजे स्टेक न करणाऱ्या धारकाचा वाटा हळूहळू पातळ होतो. या स्वस्ताईचा दुसरा परिणाम सप्टेंबर 2021 मध्ये दिसला: एका टोकनच्या विक्रीवेळी बॉटांनी व्यवहारांचा पूर आणला आणि नेटवर्क सुमारे सतरा तास बंद पडले. प्राधान्य शुल्क आणि स्टेकनुसार वाहतुकीला अग्रक्रम या सोयी त्यानंतर आल्या, त्यामुळे गर्दीच्या वेळी आपला व्यवहार पुढे न्यायचा तर आज मूळ शुल्काच्या कितीतरी पट जास्त मोजावे लागू शकतात.