सेन्सर नवा, दिवा जुनाच: एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा चिडलो. दुसऱ्यांदा वाचल्यावर राग ओसरला, कारण मुख्य मुद्द्यात चूक माझी आहे.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकं जागच्या जागी गरगर फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा कोड दाखवला. सेन्सर तपासण्यावरच्या माझ्या लेखात होतं तसा तुम्ही सेन्सरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला, ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडा आलाच नाही, म्हणून सेन्सर गेला असं धरून नवा बसवला. दिवा हलला नाही. वर तुमचा टोला: 'एवढं लिहिण्यापेक्षा बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा म्हणायचं, दिवा जातो. आणि दिवा असला तरी ब्रेक लागतातच.'

आधी माझी चूक. लेखात मी लिहिलं होतं की चांगला सेन्सर साधारण 800 ते 2000 ओहम दाखवतो. हे खरं आहे, पण जुन्या पद्धतीच्या सेन्सरसाठी. त्यात फक्त चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, दातेरी रिंग समोरून फिरली की तो स्वतःच वीज निर्माण करतो. वेटोळं तुटलं की मीटरवर कळतं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र ॲक्टिव्ह सेन्सर असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला बाहेरून पुरवठा लागतो, आणि तो प्रवाह कमी-जास्त करून, बहुतेक ठिकाणी 7 आणि 14 मिलिअँपिअर असा, चाकाचा वेग कळवतो. दोन्हींना पिना दोनच, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. ॲक्टिव्ह सेन्सरवर ओहम मोजण्याला काही अर्थच नाही. अगदी नवाकोरा सेन्सरसुद्धा मीटरवर मेलेला दिसू शकतो, शिवाय मीटरच्या विजेने तो बिघडूही शकतो. माझा हात वर्षानुवर्षं जुन्या गाड्यांवर बसलेला, त्यामुळे हा फरक लिहायचाच राहिला. लेखातलं ते वाक्य आता खोडलं आहे. पुसलं नाही, खोडलेलं दिसेल असं ठेवलं आहे.

पण थोडं तुम्हालाही बोलतो. कोड 'डाव्या चाकाच्या सेन्सरचा' आला म्हणजे सेन्सर खराब, असं कोड म्हणत नाही. त्या चाकाकडून नीट खबर येत नाही, एवढंच तो सांगतो. खबर देणारा सेन्सर, ती वाहून नेणारी वायर, मधला कनेक्टर आणि ज्याच्याकडे बघून सेन्सर वेग ओळखतो ती रिंग, यांतलं काहीही बिघडलं तरी कोड तोच.

आणि तुमच्याच प्रतिक्रियेत एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: 'दोन महिन्यांपूर्वी त्याच चाकाचं बेअरिंग बदललं होतं.' मी तिथेच थांबलो! ॲक्टिव्ह सेन्सरच्या बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंग नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो आणि सेन्सर तो वाचतो. बेअरिंग उलटं ठोकलं गेलं तर पट्टा पलीकडे जातो. बेअरिंग सुरेख फिरतं, आवाज नाही, पण सेन्सरला समोर काहीच दिसत नाही. बसवताना पट्ट्याला ओरखडा गेला किंवा लोखंडाचा कीस चिकटला तरी गडबड होते. दिवा बेअरिंगनंतर लगेच लागला की काही आठवड्यांनी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उलटं बसलं असेल तर तो पहिल्याच फेरीत लागायला हवा. काही आठवडे गाडी ठीक चालली असेल, तर मी वायरवर संशय घेईन, कारण त्या कामात ती ओढली गेलेली असू शकते.

आता करायचं काय? चारही चाकांचा वेग दाखवणारा स्कॅनर मिळवा. फक्त इंजिनाचे कोड वाचणारं स्वस्त उपकरण इथे कामाचं नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी 20 ते 30 किलोमीटर वेगाने सरळ जा, आकडे शेजारी बसलेल्याला बघू द्या. डावं चाक कायम शून्य दाखवत असेल तर बेअरिंगची बाजू किंवा सेन्सरचा पुरवठा तपासा. आकडा मध्येच पडून परत येत असेल तर गाडी उभी करून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि सस्पेन्शनजवळची वायर निरखा. तिथे ती सतत वाकते आणि आतली तार तुटली तरी वरचं आवरण शाबूत दिसतं. कनेक्टर उघडून हिरवट गंजही बघा.

बॅटरीचं म्हणाल तर वायर काढल्याने दिवा विझेलही, पण चाकं फिरून प्रणालीने स्वतःची तपासणी केली की बिघाड असेल तर परत लागतो. वर काही गाड्यांत स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर नव्याने शिकवावा लागतो, म्हणजे एकाचे दोन दिवे. ब्रेक लागतात हे खरंच. पण तेच चाकाचे सेन्सर एबीएसही, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणाही, वापरतं. तेही बंद असेल तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच चाकं जाम होतील आणि गाडी वळणार नाही. एबीएसच्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

जुना सेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा. बहुधा तो चांगलाच आहे.