पाच नंबर कुणाचा?

निदान आण्णांनी पहिल्याच दिवशी केलं होतं. "सून प्रिंट काढायला बसली की माझा टीव्ही बंद पडूलाय बघ," असं ते आषाढातल्या एका संध्याकाळी म्हणाले. कीर्तन ऐन रंगात आलं होतं आणि बुवा टाळ वर उचललेल्या अवस्थेत थिजले होते. मी हसलो. टीव्ही सोप्यात भिंतीवर, प्रिंटर मधल्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलावर. दोघांत ना वायर ना नातं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला असे योगायोग दिसायचेच, असा समजूतदार चेहरा करून मी राउटर बंद करून चालू केला. बुवांचा टाळ खाली आला. मी चहा मागितला.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग तीन दिवसांनी. कधी टीव्ही जाई आणि प्रिंट निघे, कधी टीव्ही चालू राही आणि प्रिंट निघत नसे. ही मराठी शाळेत सातवीला शिकवते. चाचणीच्या आदल्या रात्री प्रश्नपत्रिका अडकली तेव्हा घरातलं वातावरण सांगण्यासारखं नव्हतं. "मी काय केलो? मी फक्त बटण दाबलो," ती म्हणाली. (आमच्या बेळगावकडे बायकाही 'मी केलो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हसायचं असेल तर त्यांनी कुंदा खाऊन झाल्यावर हसावं.)

घरात एवढं होतंय म्हटल्यावर मी संशयित शोधला. माडीवर भाड्यानं राहणारी इंजिनिअरिंगची दोन पोरं. त्यांना मीच मोठ्या मनानं वायफायचा पासवर्ड दिला होता. ती रात्रभर काहीतरी डाउनलोड करत असणार, दुसरं काय! मी पासवर्ड बदलला. पोरं वरून खाली आलीच नाहीत, कारण त्यांच्या फोनमध्ये रोजचा दोन जीबी असतोच. खाली मात्र हाहाकार झाला. टीव्हीच्या रिमोटनं एकेक अक्षर निवडत चौदा अक्षरांचा पासवर्ड टाकणं म्हणजे सुईच्या नेढ्यातून सोलापुरी चादर ओवणं. तेराव्या अक्षराला बोट घसरलं आणि सगळं पुसलं गेलं. आण्णा शेजारी बसून शांतपणे पानाला चुना लावत होते.

मग मी नेटवाल्या कंपनीला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मी एक दाबला. आमच्याकडे लवकर काम हवं असेल तर भांडण हिंदीत करावं आणि विनंती कन्नडमध्ये, हा माझा अनुभव. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात "सर, राउटर ऑफ माडी, आन माडी" (बंद करा, चालू करा) असं सांगितलं. हा मंत्र मला आधीच पाठ होता. दुसऱ्या दिवशी भर पावसात रेनकोट घालून त्यांचा पोरगा आला, राउटरच्या मागची पिवळी वायर काढून पुन्हा बसवली आणि म्हणाला, "काका, लाईन क्लिअर हाय बघा. लाल लाईट कुठं हाय? काय असंल ते तुमच्या घरातच हाय." हे वाक्य जिव्हारी लागलं, पण खरं होतं.

आता थोडं घराविषयी. आमचं घर शहापुरात. आजोबांच्या लहानपणी हे घर सांगली संस्थानात होतं आणि बाजाराला बेळगावात गेलं की माणूस इंग्रजांच्या राज्यात पोचायचा. १९४८ नंतर आम्ही मुंबई राज्यात आलो, १९५६ ला म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं आणि २०१४ ला बेळगावचं बेळगावी. या सगळ्यात घराची एक वीट हलली नाही. एका घराला चार-पाच पत्ते, हा प्रकार आम्ही तीन पिढ्या पचवला आहे. एका पत्त्यावर दोघं राहायला येणं मात्र नवीन होतं.

ते उघडकीला आलं विजेच्या कृपेनं. एका दुपारी वारा सुटला, वीज गेली, तासाभरानं आली. त्यानंतर आण्णांचा टीव्ही एकदम सुधारला आणि माझा लॅपटॉप आजारी पडला. महिनाअखेर होती, मी दोन दुकानदारांच्या जीएसटीच्या आकड्यांत मान घालून बसलो होतो. तेवढ्यात हिनं मधल्या खोलीतलं भिंतीवरचं बटण दाबलं, प्रिंटरनं घर्रर्र करून घसा साफ केला आणि माझ्या पडद्यावर कोपऱ्यात इंग्रजी पाटी झळकली: तुमच्या नेटवर्कवरच्या दुसऱ्या एका यंत्राचा आयपी पत्ता तुमच्यासारखाच आहे. "माझं सुटलं, तुला धरलं," आण्णा सोप्यातून म्हणाले.

त्या रात्री मी राउटर उलटा केला. पोटावरच्या चिकटपट्टीवर पत्ता, नाव, पासवर्ड सगळं छापलेलं असतं, पण अक्षरं औषधाच्या बाटलीवरच्या तारखेएवढी. फोननं फोटो काढून, मोठा करून वाचलं. मग लॅपटॉपवर राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१, उघडला. आत घरातल्या यंत्रांची हजेरी होती. राउटर दर यंत्राला रेशनच्या रांगेसारखा नंबर देतो, तोच आयपी पत्ता. शेवटचा आकडा तेवढा बदलतो, दोनपासून पुढं जो मोकळा असेल तो. नंबर कायमचा नसतो, ठरावीक तासांच्या बोलीवर मिळतो. वीज गेली की आमच्या राउटरची वही कोरी होते आणि वाटप नव्यानं सुरू. मी वही वरून खाली वाचली. माझा लॅपटॉप, शेवटचा आकडा पाच. दुसरा पाच कुठंच नाही. टीव्ही होता, चिरंजीवांचा फोन होता, फोन म्हणवणारी काही अगम्य अक्षरं होती. प्रिंटर नव्हता.

प्रिंटर नव्हता! घर्रर्र आवाज तर आत्ता ऐकला होता. चालू आहे, छापतोय, पण हजेरीत नाही. म्हणजे यानं राउटरकडं नंबर मागितलेलाच नाही. मग नंबर दिला कुणी?

मीच. कोरोनाच्या टाळेबंदीत, रिकाम्या वेळात, एक व्हिडिओ बघून, प्रिंटर सारखा हरवू नये म्हणून मी त्याला स्वतःच्या हातानं कायमचा पाच नंबर ठोकला होता. तेव्हाचा राउटर वाटप पन्नासपासून पुढं करायचा, त्यामुळं पाच नंबरवर प्रिंटर एकटाच सुखात होता. गेल्या वर्षी नवा राउटर आला. याचं वाटप दोनपासून. प्रिंटर बहुतेक वेळ भिंतीवरून बंद, कारण लाल दिवा उगीच जळताना दिसला की आण्णांना झोप येत नाही. राउटरला पाच नंबर मोकळा दिसायचा, तो कधी टीव्हीला द्यायचा, कधी मला. मग हिची चाचणी आली की मालक उठायचा आणि भाडेकरूच्या उरावर बसायचा.

यंत्रं एकमेकांना शोधतात ती हाक मारून: "पाच नंबर कोण?" येळ्ळूरच्या लग्नात पंगतीला उभं राहून "ओ पाटील" म्हणून बघा, निम्मा मांडव वळतो. तसंच हे. टीव्ही म्हणायचा मी, प्रिंटर म्हणायचा मी, आणि शेवटी जो ओ द्यायचा त्याच्याकडं सगळं सामान जायचं. सातवीची विरामचिन्हांची प्रश्नपत्रिका टीव्हीच्या दारात जाऊन परत फिरली असणार. लॅपटॉप पाच नंबर झाल्यावर तर मी छपाई मलाच पाठवत होतो.

उपाय दहा मिनिटांचा. राउटरचं वाटप दोन ते शंभर एवढंच ठेवलं आणि प्रिंटरला गावाबाहेर दोनशे नंबरवर नेऊन बसवलं. लॅपटॉपलाही प्रिंटरचा नवा पत्ता सांगितला. एक पान काढलं, निघालं. कीर्तन थिजलं नाही. हिनं पान उन्हात धरावं तसं दिव्यासमोर धरून पाहिलं आणि "महिना घालवलात," एवढंच म्हणाली. माडीवरच्या पोरांना नवा पासवर्ड आणि तिळाच्या चटणीची एक वाटी पोचवली. ती का, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आण्णांना सगळं नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे प्रिंटच," म्हणाले, आणि पानाचा डबा बंद केला.

काल त्यांनी पुन्हा हाक मारली. "सून त्या ओव्हनात दूध तापवायला ठेवली की बातम्या अडकूलेत." या वेळी मी हसलो नाही. ओव्हन आणि आमचा वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच गल्लीत राहतात, हे मला एव्हाना कळलं होतं. निमूट उठलो, रिमोट घेतला आणि एकेक अक्षर निवडत टीव्ही वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर टाकला.

"कितीवर टाकलास?" आण्णांनी विचारलं.

"पाच गिगाहर्ट्झवर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "परत पाचच?"