र, ड आणि आजोबांचा दाखला

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच व्हिडिओ आला. ४ ऑक्टोबर २०२४, मंत्रालय. धनगरांना अनुसूचित जमातींत घेऊ नका म्हणून तिसऱ्या मजल्यावरून जाळीवर उडी मारलेले विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, आणि एकाचं वाक्य : ‘यादीत धांगड आहे, म्हणजे धनगरच. र चा ड झालाय, एवढं काय त्यात?’

दिवसभर कामात लक्ष लागेना.

धनगरांचे हाल खोटे नाहीत. मेंढरं घेऊन पावसात उघड्यावर पडलेली कुटुंबं मी पाहिलीत. भटक्या जमातींतले साडेतीन टक्के पुरत नसतील तर वाढवून मागा. पण यादीत ‘ओरांव, धांगड’ असं एकत्र आहे, म्हणजे ती जमातच वेगळी, आणि कलम ३४२ प्रमाणे ती बदलायचा अधिकार फक्त संसदेला. उच्च न्यायालयानंही फेब्रुवारी २०२४ मध्ये धनगरांच्या याचिका फेटाळल्या. अक्षराचं मोल आम्हाला कुणी सांगू नये.

आम्ही कोळी महादेव, अनुसूचित जमातीतले, अकोले तालुक्यातले. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी नुसतं ‘हिंदू कोळी’ लिहिलं. त्या राहून गेलेल्या एका शब्दापायी माझी व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी, चार वर्षं अडली. वडील रानातला बाळहिरडा विकून आलेल्या पैशांत सुनावणीला जायचे. कुलदैवत कोणतं? लग्नात काय करता? मयताला काय करता? कळसूबाईचं नाव घेताना आईचे हात आपोआप जोडले गेले. समोरचे साहेब खाली मान घालून लिहीत होते.

इथे कॅनडात, विनिपेगला, प्रत्येक मीटिंगआधी ट्रीटी वनचं निवेदन वाचतात : ही जमीन मूळ आदिवासींची, त्यांच्याशी झालेल्या करारातली. ग्रुपवर मी ते अभिमानानं सांगतो : बघा, आदिवासींचा मान! शेजारी बसणाऱ्या अनिशिनाबे, म्हणजे इथल्या आदिवासी, मैत्रिणीचं मात्र कधी सांगितलं नाही. सलग दोन पिढ्यांत जोडीदार सरकारी आदिवासी नोंदणीबाहेरचा आला की पुढच्या मुलाला आदिवासी म्हणून कायदेशीर दर्जा नाही. तिच्या मुलाला कार्ड नाही. तरी तो दर उन्हाळ्यात आजीकडे रिझर्व्हवर जातो, तिची भाषा बोलतो. माझ्या मुलीनं कळसूबाईचा डोंगर फोनवरच पाहिलाय.

रात्री त्याच मित्रानं लिहिलं, ‘तू तर सीट घेऊन कॅनडाला गेलास.’ खरं आहे. ती सीट गावासाठी होती असं मी तेव्हा मानत होतो, आजही मानतो, आणि गावाला मी परत काय दिलं हे मला सांगता येत नाही.

तेवढ्यात पुतण्याचा मेसेज आला. त्याची फाइल समितीकडे जायचीय, रक्तातल्या माणसाची व्हॅलिडिटी जोडायला हवी. लॅमिनेट केलेला तो कागद पासपोर्टांच्या खाली होता. स्कॅन करून लगेच पाठवला.