भीती जात नाही हो, सोबत येते

अंधाऱ्या गुहांच्या सफरीवरच्या त्या लेखातलं बाकी सगळं पटलं, पण त्यातलं "एकदा गुहेत उतरलात की अंधाराची भीती कायमची संपते" हे काही पटलं नाही. मी इंदूरची, राजवाड्याच्या गर्दीत बिनधास्त स्कूटी चालवणारी, आणि दोन वर्षांपूर्वी न्यूझीलंडला एकटी गेले, ऑकलंडहून भाड्याची गाडी घेऊन वायटोमोच्या गुहांपर्यंत साधारण 200 किलोमीटर. गाडी तिथेही डावीकडूनच चालवतात म्हणून निवांत होते, पण एक लेनचे पूल आले की हात घामेजायचे, पाटीवरचा लाल छोटा बाण आपल्या बाजूला असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं हे पाठ करूनही प्रत्येक पुलावर मी उगाच थांबत होते, मागचा बिचारा हॉर्नही देत नव्हता (आपल्याकडे असता तर विचारूच नका).

गुहेतल्या पाण्यात तरंगायची रबरी ट्यूब पाठीमागे धरून छोट्या धबधब्यावरून उलटी उडी मारायची असते, खाली काय आहे ते दिसतच नाही. दोनदा "नको" म्हणाले, तिसऱ्यांदा डोळे मिटून मारली, नाकातोंडात गार पाणी. मग सगळ्यांनी हेल्मेटचे दिवे बंद केले आणि वर छतभर निळसर ठिपके, ते म्हणे काजवे नव्हेतच, एका माशीच्या अळ्या, चिकट धागे सोडून त्या उजेडावर किडे पकडतात. रडायलाच आलं मला. पण भीती गेली का? मागच्या आठवड्यात लाइट गेले तर जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावूनच उतरले, आणि आई वर उभी राहून हसत होती.