पैसे झाडालाच लागतात

"पैसे काय झाडाला लागतात का?" असं लहानपणी ऐकवलेलं सगळं विसरा, कारण लागतात. फक्त झाड आपलं पाहिजे आणि आपण अमर पाहिजे.

तर मंडळी, शेअर, सोनं सगळं विका आणि इमारती लाकडाचं जंगल घ्या. लॉजिक एकदम सोपंय, बाजार आपटला तरी झाडाला कुठे कळतंय, ते आपलं वाढतच राहतं, वर त्याला प्रमोशनही मिळतं, म्हणजे बारीक असताना जे खोड कागदाच्या लगद्याला जातं तेच अजून दहाबारा वर्षांनी फळ्या पडतील इतकं जाडजूड झालं की टनाचा भाव कुठल्या कुठे. आणि भाव नसेल तर? तोडूच नका. उभं राहू द्या, गोदामाचं भाडं लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

थांबायचं किती? ब्राझीलमधली निलगिरी ६-७ वर्षांत तयार होते, अमेरिकेतला लॉबलॉली पाइन २५-३० घेतो आणि ओक लावलात तर शंभरेक, म्हणजे नॉमिनीचाही नॉमिनी आत्ताच टाकून ठेवा. कधी तोडायचं ते फाउस्टमन नावाच्या जर्मन माणसाने १८४९ मध्येच सूत्रात बसवलंय, ढोबळमानाने झाडाची वाढ व्याजदराच्या खाली घसरली की कुऱ्हाड. ५ टक्क्यांनी १०० वर्षांत एकाचे १३१ होतात, एक्सेलमध्ये ओढून बघा.

एक्सेलला कीड लागत नाही हा त्याचा मोठा गुण. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भुंग्याने विक्रीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून जास्त झाडं मारली, हिवाळे सौम्य झाल्याने अळ्या मरेनात आणि भुंग्यासोबत आलेल्या बुरशीने लाकडाला निळसर झाक आली ती वेगळीच (तेवढीच शोभा). स्वीडनमध्ये जानेवारी २००५ च्या गुड्रुन वादळाने साधारण ७.५ कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं, म्हणजे देशभरात वर्षभर तोडतात तेवढं, आणि तेही तोडणावळ न घेता.

पण घाबरू नका, जंगलाचा चार्ट बघा किती शांत. किंमत बाजारात रोज ठरत नाही ना, मूल्यांकनवाला बहुतेक वर्षातून एकदा येतो आणि आकडा लिहून जातो. माझं तर म्हणणंय बीपीसुद्धा असंच मोजावं, वर्षातून एकदा, छान झोप झाल्यावर.

आता ते वाक्य आठवा. २००८ नंतर अमेरिकेत घरबांधणी बसली तेव्हा दक्षिणेतल्या बऱ्याच जंगलमालकांनी हेच केलं, थांबले. एकटा थांबला असता तर हुशार ठरला असता पण सगळेच थांबले आणि झाडं साठत गेली. मग मे २०२१ मध्ये फळ्यांचे वायदे हजार बोर्ड फुटाला (बोर्ड फूट म्हणजे लाकूड मोजायचं अमेरिकन माप) १६०० डॉलरच्या वर गेले, सॉ मिलवाल्यांची दिवाळी झाली आणि दक्षिणेत उभ्या पाइनचा भाव जेमतेम हलला, कारण झाडं ढीगभर आणि ती कापायला मिल मोजक्या.

तुम्ही मात्र धीर सोडू नका. दरवर्षी टेप घेऊन जायचं, खोड छातीच्या उंचीवर मोजतात, जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर. वाढ दिसली नाही तर टेप जरा खाली सरकवा, बुंध्याकडे झाड जाडच असतं.