‘२१ दिवसांत लेखनाची सवय’: एक खुलासा

रंकाळ्यावर फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘सलग २१ दिवस रोज एक पान लिहा, सवय कायमची लागते. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.’ हे खरं नाही.

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा. रुग्णाला स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. ‘किमान’ वाटेत गळालं, अन् चेहऱ्याच्या जागी वही आली! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९ मधल्या अभ्यासात ९६ जण होते. बहुतेकांनी खाणं, पिणं नाहीतर व्यायामाची सवय निवडलेली. मधला आकडा निघाला ६६ दिवस, अंदाजे पल्ला १८ ते २५४. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा गुरुवारी पान राहिलं म्हणून वही मिटलेल्यांनी ती खुशाल उघडावी.

शिवाय सवय लागली म्हणजे लेखन सुधारलं असं नव्हे. तालमीत रोज बैठका मारणाऱ्यालाही डावातली चूक वस्तादच दाखवतो. माझ्या वहीतलं जवळजवळ प्रत्येक पान ‘आज सकाळी’नं सुरू व्हायचं. आक्कानं लाल पेनानं गोल केले, तेव्हा दिसलं.