जुन्या नाण्यावरचा रंग म्हणजे मळ नव्हे

चांदीच्या जुन्या नाण्यांबद्दलचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातले दावे असे: नाणं काळं किंवा रंगीत झालं म्हणजे त्यावर मळ बसला. चांदी शुद्ध असती तर ते काळं पडलंच नसतं. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉईल वापरली की चांदीचा कणही न गमावता नाणं टाकसाळीतून आल्यासारखं होतं. चकचकीत नाण्याला वरची ग्रेड, म्हणजे दर्जाचा वरचा आकडा, मिळते. आणि निळी-जांभळी नाणी तर सगळीच बनावट. हे वाचून कुणीतरी आजच आजोबांच्या पेटीतलं नाणं सोड्याच्या पाण्यात बुडवेल, या धास्तीने लिहितो आहे. ती चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

शुद्धतेचं आधी उरकतो. शुद्ध चांदीही काळवंडते. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी तिची अभिक्रिया होते आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. मिश्रधातूतलं तांबं त्यात भर घालतं, पण काळेपणावरून चांदीचा कस ठरत नाही.

आता मळ. मळ बाहेरून येऊन बसतो, टोनिंग, म्हणजे काळाच्या ओघात नाण्यावर चढणारा हा रंग, मात्र नाण्याच्याच चांदीतून घडतं. रंगीत दिसणारा हा थर नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजण्याइतका पातळ असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग उमटतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसेच. थर वाढत जातो तसे हे रंग ठरावीक क्रमाने येतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, किरमिजी, गडद निळा, आकाशी, नंतर पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा आणि शेवटी काळपट. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फॉईलच्या युक्तीत अर्धसत्य आहे, म्हणूनच ती जास्त घातक. ॲल्युमिनियम सल्फाइडमधल्या चांदीला खरोखरच पुन्हा धातुरूप देतं. पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो मोकळ्या होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमुळे. पण ती चांदी पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या घडणीत परत बसत नाही. सूक्ष्म, भुसभुशीत कणांच्या रूपात ती पृष्ठभागावर राहते, म्हणून नाणं पांढुरकं आणि निर्जीव दिसतं आणि पुढे लवकर काळवंडतं. आणि ‘कणही न गमावता’ या बढाईचं काय करायचं? 38 मिलिमीटर व्यासाच्या नाण्यावर 50 नॅनोमीटरचा थर असेल तर त्याचं वजन एक मिलिग्रॅमही भरत नाही. वजनाचा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न पृष्ठभागाचा आहे.

नाण्यावर डाय, म्हणजे टाकसाळीतला छाप उमटवणारा ठसा, आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळे. हाच अस्सल लस्टर. नैसर्गिक टोनिंगचा पातळ थर या रेषांवर अलगद बसतो आणि लस्टर त्यातून झळकत राहतो. टूथपेस्टने घासलं तर तिच्यातले कठीण कण मऊ चांदीवर बारीक ओरखडे पाडतात. थायोयुरिया आणि आम्लाच्या द्रावणात पुन्हा पुन्हा बुडवलं तर ते द्रावण रेषा झिजवत नेतं. चमक उरते, पण ती भांड्याची चमक असते. मला हे फार वाईट वाटतं, कारण टाकसाळीतल्या त्या एका क्षणाची खूण दुसऱ्यांदा उमटवता येत नाही.

म्हणूनच ग्रेडचा दावा साफ उलटा आहे. अमेरिकी नाणेअभ्यासक विल्यम शेल्डनने 1949 मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून आजची 1 ते 70 ची ग्रेडिंग आली. न वापरलेल्या नाण्यांसाठी त्यात 60 पासून पुढचे आकडे आहेत. ठशाचा उठाव, लस्टर, खुणा आणि एकंदर देखणेपण पाहून आकडा ठरतो. घासलेल्या नाण्याला पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांची ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकी कंपन्या सहसा आकडाच देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात.

रंगीत नाणी सगळी बनावट? अमेरिकेचे मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीची जुनी डॉलरची नाणी, हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांमध्ये दशकानुदशकं पडून होते. कापडाला टेकलेली बाजू रंगली आणि शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग पांढरा राहिला. अशा नाण्यांवर चंद्रकोरीसारखी स्वच्छ सीमा दिसते. उठावाच्या अक्षरांलगत कापड पोहोचत नाही, तिथे फिकट कडा राहते. गंधकयुक्त पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये रंग बहुधा कडेकडून आत सरकतो. अर्थात, गंधक आणि उष्णता वापरून रंगवलेली नाणीही भरपूर आहेत, आणि तिथे तो क्रम कामाला येतो. पांढऱ्या चांदीला थेट गडद निळा भिडलेला, मधला सोनेरी-किरमिजी पट्टा गायब, तोही नाणं कशाने झाकलं गेल्याची खूण नसताना, असं दिसलं तर संशय घ्या. जुन्या ओरखड्यांत रंग साचल्यासारखा दिसला तरीही घ्या.

सगळंच टोनिंग चांगलं, असं मात्र मी म्हणत नाही. दाट काळा थर चांदी खाऊन वाढलेला असतो, त्याखाली लस्टर उरलेला नसतो. तो काढला तर खालून खरबरीत पृष्ठभागच निघतो. पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून आलेला हिरवट, चिकट थर तर टोनिंगच नव्हे, तो काढायलाच हवा. त्यासाठी हवेशीर जागी, आगीपासून दूर, काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं त्यात ठेवा. घासू नका, कापडाने पुसू नका, आपोआप वाळू द्या. ॲसिटोनची सल्फाइडशी अभिक्रिया होत नाही, त्यामुळे हिरवा चिकटा जातो आणि खालचा रंग जागेवरच राहतो.